नापास डोळे आणि तेरा दिवस

मी चित्रकलेचा मास्तर. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं, माठ आणि पडद्याच्या चुण्या काढायला लावल्या आणि निवृत्त झालो. विमानाशी माझं नातं एवढंच, की अठराव्या वर्षी मला ते चालवायचं होतं आणि डोळ्यांनी साथ दिली नाही.

१९९८ च्या डिसेंबरात टपाल खात्याने एक तिकीट काढलं. शाळेतला तिकिटांचा संग्रह माझ्याकडे असायचा, म्हणून ते हातात आलं. नाव होतं इंद्रलाल रॉय. जन्म कोलकात्याचा, २ डिसेंबर १८९८. मृत्यू फ्रान्सच्या आकाशात, २२ जुलै १९१८. फळ्याच्या कोपऱ्यात वजाबाकी केली : एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने. पहिल्या महायुद्धातला हा भारताचा लढाऊ वैमानिक, शत्रूची दहा विमानं त्याच्या नावावर, आणि आमच्या एकाही पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता.

तेव्हापासून दर वर्षी २ डिसेंबरला मी एक तास चित्रकला बंद ठेवून ही गोष्ट सांगत आलो. वीसेक वेळा सांगितली असेल. सांगता सांगता जे शिकलो ते इथे मांडतो. यातलं निम्मं रॉयने शिकवलं आणि निम्मं आठवीच्या पोरांनी.

१. नकाराचा कागद दुसऱ्यांदा वाचून घ्यावा

रॉय लहानपणापासून लंडनमध्ये वाढला. सेंट पॉल्स शाळेत शिकला, घरचे त्याला 'लॅडी' म्हणत. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळालेली होती, पण युद्ध सुरू झालं होतं आणि त्याला रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश विमानदलात जायचं होतं. वैद्यकीय तपासणीत डोळे कमजोर निघाले आणि त्याला परत पाठवलं.

त्याने आपली मोटरसायकल विकली. त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. यावेळी निकाल बाजूने लागला आणि ५ जुलै १९१७ ला तो सेकंड लेफ्टनंट झाला.

माझा प्रसंग आठवतो. तपासणीचा कागद पिशवीत घालून एस.टी.ने घरी आलो. वडिलांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "डोळे." ते "बरं" म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला. माझा नंबर खरोखरच मोठा होता, दुसऱ्या डॉक्टरनेही वेगळं काही सांगितलं नसतं. तरी विमानतळावर, विमानाच्या कारखान्यात, हवामान खात्यात चष्म्यासकट चालणारी किती कामं असतात, हे विचारायलाही मी कुठे गेलो नाही. नकार एका कामाला होता. मी तो सगळ्या आभाळाला लावला.

पुढे माझ्या एका विद्यार्थ्याला एका शिबिरात रंगांधळेपणा निघाला. तोंड पाडून बसला होता. त्याला घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. निकाल तोच आला. पण त्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून कोणती दारं बंद आणि कोणती उघडी, ते कागदावर लिहून दिलं. पोरगा तो कागद खिशात घालून सायकलवर शीळ वाजवत गेला.

२. पडून राहायची वेळ आली की हात चालू ठेवावा

आमची पोरं ही गोष्ट ऐकताना थेट लढाईची वाट बघतात. त्यांना मी आधी पडझड ऐकवतो. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस रॉय ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. हे नावाजलेलं पथक, एकेक जण तयारीचा. तिथे रॉयच्या नावावर एकही विजय लागला नाही, लागले ते अपघात. वर्ष संपायच्या आत विमान आदळून तो जायबंदी झाला आणि उड्डाणाला नालायक ठरला.

अंथरुणावरच्या त्या काळात त्याने चित्रं काढली. विमानांची, हवेतल्या झुंजींची रेखाटनं, आणि त्यातली बरीचशी आजही जपलेली आहेत. ती छापलेली पाहिली तेव्हा मास्तर म्हणून माझं लक्ष शेडिंगकडे गेलं नाही. पोरगा यंत्र नीट बघत होता, हे मला त्या रेषांत दिसलं.

चित्र काढण्याइतकी कडक डोळ्यांची तपासणी नाही. माठ काढायला बसा, म्हणजे कळतं की आजवर आपण माठ पाहिलाच नव्हता. रॉय ज्यात बसायचा ते एस.ई.५-ए आणि जर्मनांचं फोकर डी-सात, ही दोन्ही समोरून येताना चौकोनी नाकाची, ट्रकच्या रेडिएटरसारखी. फोकरचे पंख जाड, आणि त्यांच्या मधल्या खांबांची ठेवण निराळी. ढगातून ठिपका बाहेर आला की आपला की परका, हे दोन-चार श्वासांत ठरवायचं. ज्याने ते विमान एकदा हाताने काढलेलं आहे, त्याचा डोळा आधी ओळखत असणार, असं मला वाटतं. हा माझा तर्क. पण एकतीस वर्षं माठ काढून घेतल्यावर एवढा तर्क करायचा हक्क मला आहे.

३. गोष्ट रंगली की आपणच तिला चिमटा काढावा

त्या अपघाताविषयी एक कथा सांगतात. रॉयला मेलेला समजून शवागारात ठेवलं. शुद्धीवर आल्यावर तो आतून दार ठोठावू लागला, आणि बाहेरच्या माणसाची बोबडी वळली.

पहिली सात-आठ वर्षं हा प्रसंग मी फळा ठोकून सादर करत असे. धाड, धाड, धाड! पोरं किंचाळायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, हे त्याने स्वतः लिहिलंय का?" मी म्हटलं, "नाही." "मग दाराच्या बाहेर जो होता, त्याने लिहिलंय का?" मी गप्प. घरी जाऊन जमवलेली कात्रणं आणि पुस्तकं पुन्हा चाळली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या हवाल्याने सांगितलेलं होतं.

तेव्हापासून मी या प्रसंगाच्या आधी 'असं सांगतात' हे दोन शब्द जोडतो. फळा ठोकतो, पण हळू. गंमत अशी, की त्यामुळे गोष्ट कमी झाली नाही. पोरं मोटरसायकलच्या प्रसंगाला जास्त कान देऊ लागली. थापेच्या शेजारी बसवलेलं खरंही थापेसारखं दिसायला लागतं, हे मला चौदा वर्षांच्या मुलीने शिकवलं.

४. हात गुंतले तरी मान फिरती ठेवावी

एस.ई.५-ए वर दोन मशीनगन असत. नाकावरची व्हिकर्स फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडायची. पातं आडवं आलं की गोळी थांबावी, अशी जोडणी इंजिनाशी केलेली असे. दुसरी लुईस, वरच्या पंखावर. तिच्या डब्यात सत्त्याण्णव गोळ्या. त्या संपल्या की वैमानिकाने काय करायचं? दांडा गुडघ्यांत धरायचा, वरची बंदूक वाकवलेल्या रुळावरून खाली ओढायची, जाड हातमोज्यांतल्या बोटांनी रिकामा डबा काढून भरलेला बसवायचा, आणि बंदूक परत वर ढकलायची. हे सगळं उघड्या खुर्चीत, हजारो फुटांवर, गोठवणाऱ्या वाऱ्यात, ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने. पाठीला पॅराशूट नाही. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ते दिलेलंच नव्हतं.

आणि हे चालू असताना मागे, वर, सूर्याच्या बाजूला बघत राहायचं. त्या वैमानिकांच्या गळ्यात रेशमी रुमाल दिसतो तो ऐटीसाठी नव्हे. सारखी मान फिरवून कॉलरने कातडी सोलून निघायची, म्हणून रेशीम.

हा धडा मी जमिनीवर, ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने शिकलो. स्कूटरचं पेट्रोल संपत आलं, म्हणून चालत्या गाडीवर वाकून रिझर्व्हचा कॉक फिरवायला गेलो. मान वर केली तेव्हा पुढे उसाची बैलगाडी. दात वाचले, चष्मा गेला. गाडीवानाने मला उठवून बसवलं आणि एवढंच विचारलं, "मास्तर, खाली काय बघत होता?"

५. शिकवणाऱ्याने चालत आलेलं पुढे द्यावं

जून १९१८ मध्ये रॉय पुन्हा लायक ठरून ४० व्या स्क्वाड्रनमध्ये आला. तळ उत्तर फ्रान्समध्ये, ब्रुए इथे. विमान तेच, एस.ई.५-ए. तुकडीचा प्रमुख होता कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय, आयरिश माणूस, चाळीसहून अधिक विजय मिळवलेला. सहा महिन्यांपूर्वी ज्याला काही जमत नव्हतं, त्याच पोराचं या तुकडीत सोनं झालं.

मॅकेलरॉयही जन्मतः तयार नव्हता. त्याच पथकात त्याला घडवलं मिक मॅनॉकने. मॅनॉकचाही एक डोळा अधू होता, असं सांगतात. (दोन शब्द जोडले, बघा.) मॅनॉकचा खाक्या असा, की नव्या माणसाला तो आधी जगायला शिकवे, मग लढायला. त्याने मॅकेलरॉयला दिलं, मॅकेलरॉयने रॉयला.

ही साखळी फळ्यावर काढली की मी तारखाही लिहितो. रॉय २२ जुलै. मॅनॉक २६ जुलै. मॅकेलरॉय ३१ जुलै. दहा दिवसांत गुरू, परमगुरू आणि चेला तिघेही गेले. वर्गात या ठिकाणी आवाज होत नाही. मीही पुढचं वाक्य लगेच बोलत नाही.

नव्या शिक्षकांना मी एकच सांगतो : आपल्याकडचं शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नका.

६. आकडा सांगताना आत माणसं किती, तेही मोजावं

रॉयने पाडलेलं पहिलं विमान ६ जुलैला, एक हॅनोव्हर. ८ जुलैला चार तासांत तीन. दहावं १९ जुलैला. म्हणजे तेरा दिवसांचा खेळ. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे जे पदक मिळालं, ते मिळवणारा तो पहिला भारतीय. सप्टेंबर १९१८ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा मजकुरात तेरा दिवसांत नऊ विमानं असं होतं. पुढच्या मोजणीत दहा धरली जातात. त्यातली दोन साथीदारांसोबत वाटून घेतलेली. आणि 'विजय' या शब्दातही प्रकार असत. विमान डोळ्यांदेखत आदळलं तर एक प्रकार, ताबा सुटून गिरक्या घेत खाली गेलं तर दुसरा. दोन्ही खात्यात जमा.

हे मी क्रिकेटच्या धावफलकासारखं मांडायचो. पोरं टाळ्या वाजवायची. एका वर्षी एका पोराने चित्र काढून आणलं : रॉयचं विमान वर, जळणारं हॅनोव्हर खाली. खालच्या विमानात त्याने दोन डोकी काढली होती. मी विचारलं, "दोन का रे?" तो म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात हॅनोव्हर दोघांचं असतं."

खरंच होतं. पुढे एक चालक, मागे एक बंदूकवाला. मी ते यंत्राची माहिती म्हणून सांगितलं होतं आणि मोजताना मात्र 'एक' मोजलं होतं. तीही कुणाची तरी विशी-बाविशीतली पोरं असणार. ते चित्र मी अजून ठेवलं आहे. त्या वर्षापासून धावफलक काढत नाही. पराक्रम सांगतो, तारखा सांगतो, आणि प्रत्येक विमानात किती जण बसत, तेही सांगतो.

७. दूरचा दिवा बघताना आपला उंबरठाही बघावा

रॉय एकटा नव्हता. त्या काळात ब्रिटिश विमानदलात उडणारे आणखी तीन भारतीय तरी ठाऊक आहेत. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक : यांना आधी नकार मिळाला, म्हणून फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. ऑक्सफर्डच्या त्यांच्या प्राध्यापकाने शब्द टाकल्यावर दार उघडलं. पगडीवरून बसेल असं मोठं शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम बनवून घेतलं होतं. २६ ऑक्टोबर १९१७ ला पायात गोळ्या घेऊन ते खाली आले. विमानावर चारशेच्या वर भोकं मोजली गेली. ते वाचले, पुढे फ्रान्समध्येच भारताचे राजदूत झाले आणि १९८५ पर्यंत जगले. दुसरे एरल सेन, सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या कैदेत गेले. आणि तिसरे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमान चालवायचे. जून १९१८ मध्ये, रॉयच्या आधी तीनेक आठवडे, ते गेले.

वेलिंगकरांचं नाव मला रॉयची गोष्ट सुरू केल्यावर दहा वर्षांनी कळलं. मराठी पोरांसमोर मी बंगाली वीराचं कवन गात होतो, आणि आपल्या मुंबईचा माणूस त्याच मातीत झोपलेला मला ठाऊक नव्हता. लाज वाटली. आता वर्गात चारही नावं घेतो.

इथे हमखास एक प्रश्न येतो : "सर, पण हे इंग्रजांसाठीच लढले ना?" हो, बाळांनो. गणवेश त्यांचा, राजा त्यांचा, युद्ध त्यांचं. लाखो हिंदी शिपाई त्या युद्धात होते, पण अधिकाऱ्याचं राजाचं कमिशन हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होतं. १९१८ सालीच लोकमान्य टिळकांनी गांधीजींना कळवलं होतं, की हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदं मिळतील अशी हमी सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो. पैजेपोटी ५०,००० रुपयांचा चेकही पाठवला. गांधीजींनी तो परत केला. म्हणजे इकडे ज्या दारासाठी लोकमान्य पैज लावत होते, त्या दारातून रॉय, मलिक, सेन, वेलिंगकर आपापल्या खटपटीने आत शिरले होते. रॉयच्या घरात ही खटपट रक्तातच होती. त्याची आई लोलिता रॉय लंडनमध्ये बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९११ च्या मोठ्या मिरवणुकीत रस्त्यावर उतरली होती.

एवढं सांगून मी थांबतो. बरोबर-चूक त्यांच्या वहीत लिहून देत नाही.

८. वाचता येत नसेल तर वाचणारा गाठावा

२२ जुलै १९१८. कार्व्हिन गावावर फोकर विमानांशी झुंज. रॉयचं विमान पेटून खाली आलं. जवळच्या एस्तव्हेल या खेड्यातल्या दफनभूमीत त्याला पुरलं.

मी फ्रान्सला गेलो नाही, जाणारही नाही. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे असतो. निवृत्तीच्या वर्षी त्याला सांगितलं, जमलं तर जाऊन ये. तो गेला आणि फोनवर समाधीचा फोटो पाठवला. दगडावर बंगाली अक्षरं होती. मी इतकी वर्षं गोष्ट सांगितली, आणि त्या दगडावरचा शब्द मला लागेना.

आमच्या सराफ कट्ट्यावर बंगाली कारागीर बसतात. गल्लीतून भात्याचा वास येतो, आत दहा बाय दहाच्या खोलीत सहा पोरं दागिने घडवतात. तिथे गेलो. कोपऱ्यातल्या पोराने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, हात पँटला पुसले आणि फोन घेतला. अक्षरं मोठी करून हळूहळू वाचली. मग मोडक्या मराठीत सांगितलं, "काका, लिहिलंय, मोठ्या वीराची समाधी आहे. मान द्या. हात लावू नका."

मी विचारलं, "तुझं वय काय?"

"एकोणीस."

फोन परत देताना त्याचा अंगठा काचेला लागला आणि फोटो सरकला. त्याने पटकन हात मागे घेतला, दगडालाच हात लागल्यासारखा. मग म्हणाला, "हा नंतर घरी गेला?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने मान हलवली, भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि अर्धवट राहिलेल्या फुलाची पाकळी घासायला घेतली. दिव्याखाली इतका वाकून, की मला राहवलं नाही. म्हटलं, "डोळे तपासून घे रे कधीतरी. रविवारी मी मोकळाच असतो, घेऊन जाईन."